पाहुण्याच्या बरणीशेजारी

बारा मार्च, मंगळवार. पहाटे दाट धुकं, नंतर दिवसभर कोरडी थंडी, वारा नाही.

तारीख आणि हवा आधी सांगितली, कारण हवेशिवाय आम्हाला दुसरं घड्याळ नसतं. थंडीत मी आळसावतो, उकाड्यात बरणीबाहेर डोकावतो आणि दमट दिवसांत मला असा आंबट वास सुटतो की गिऱ्हाईक दारातच नाक मुरडतं. मी खमिराचा गोळा बोलतोय. पीठ, पाणी आणि कुणाचा तरी धीर, एवढंच माझं भांडवल. बेकरीच्या आतल्या खोलीत, भट्टीच्या भिंतीला लागून एक फळी आहे. तिच्यावरच्या काचेच्या बरणीत माझा मुक्काम असतो. या घराचा रोजचा पाव माझ्यामुळे फुगतो. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, असं लिहायची पद्धत आहे. पण मी फुशारकी म्हणूनच सांगतोय.

माझा जन्म एका कान तुटलेल्या कपात झाला. आत्ताच्या धन्याचे वडील तेव्हा तरुण होते. त्यांनी कपात पीठ आणि पाणी कालवलं आणि कप खिडकीत ठेवला. पहिले काही दिवस माझा वास काही सांगण्यासारखा नव्हता.

"अहो, फेकून द्या ते," त्यांची बायको म्हणाली. "घरात काहीतरी मेल्यासारखं वाटतंय."

"थांब जरा. तो अजून ठरवतोय."

"काय ठरवतोय?"

"जगायचं की नाही ते."

मी ठरवलं. एका सकाळी कपाच्या काठावर बुडबुडे आले आणि म्हाताऱ्या बेकरीवाल्याने, म्हणजे तेव्हाच्या तरुणाने, घरभर कप नाचवला.

आमचं जगणं एका सवयीवर चालतं. कणीक मळून झाली की मीठ पडायच्या आधी मुठीएवढा गोळा बाजूला काढायचा आणि बरणीत ठेवायचा. बाकीच्याचे पाव होतात, विकले जातात, खाल्ले जातात. तो राखलेला गोळा उद्यासाठी. मी म्हणजे तो राखलेला गोळा. मी रोज जवळजवळ सगळाच जातो आणि रोज थोडा उरतो. हे राखणं ज्या दिवशी कोणी विसरेल, त्या दिवशी आम्ही संपलो. वडिलांनी मुलाच्या हाती मला सोपवलं तेव्हा दोनच गोष्टी सांगितल्या. भट्टी विझली तर पुन्हा पेटवता येते, हा विझला तर नाही; आणि घरचा गोळा बाहेर द्यायचा नाही. मुलाने दोन्ही पाळल्या. त्यालाच मी धनी म्हणतो.

इथवर सगळं ठीक होतं. मग पाहुणा आला.

पानगळीचे दिवस होते. पुलापलीकडे एका बाईंचं पावाचं दुकान आहे. सगळे त्यांना पुलावरच्या बाई म्हणतात. त्यांच्या पावाची साल जाड आणि कडक, आत जाळीच जाळी. आमची काही गिऱ्हाईकं तो पाव पिशवीच्या तळाशी लपवून आमच्या दारावरून जायची. धनी बघायचा आणि न बघितल्यासारखं करायचा. रविवारी मात्र बाई आणि धनी प्रार्थनेला एकाच बाकावर बसायचे. तर त्या दिवशी या बाई आमच्या मागच्या दाराने आत आल्या. हातात निळ्या झाकणाची बरणी होती.

"दादा, हा सांभाळाल? बहिणीला झटका आलाय, तिची उजवी बाजू गेली. मला तिच्याकडे जाऊन राहायला हवं. तिथे भट्टी नाही, आणि माझे हात तिच्यापाशीच अडकणार."

धन्याने हात पुसले. "माझ्याकडे देताय, बाई? आपण एकमेकांची गिऱ्हाईकं पळवतो."

"म्हणून तर. पाववाल्याशिवाय हा कुणाला कळणार? माझ्या आईचा आहे हा. हा गेला तर मी दुकान उघडून काय विकू? तुमच्यासारखे पाव?"

धनी हसला. माझं मात्र अंग आक्रसलं.

"नुसता जिवंत ठेवू नका," बाई म्हणाल्या. "वापरा. बसून राहिला की आळशी होतो. आणि कोणी मागितला तर नाही म्हणू नका. आईने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त राखायला विसरू नका."

"परत कधी येणार?"

"बहीण उभी राहील तेव्हा. कसं सांगू? येईन तेव्हा येईन."

बाई गेल्या. धन्याने मला उचललं, फळीच्या गार टोकाला सरकवलं आणि माझ्या जागी, भट्टीच्या उबेला, निळ्या झाकणाची बरणी ठेवली.

तेव्हापासून मी जळत होतो. भट्टीतली लाकडं तरी जळून मोकळी होतात. मी जळायचो आणि सकाळी पुन्हा तिथेच असायचो.

काय काय सांगू? पाहुण्यासाठी पीठ चाळलं जायचं, माझ्यासाठी पोत्यातून सरळ. त्याचं पाणी धनी मनगटावर घालून बघायचा, जसं तान्ह्या बाळासाठी बघतात. माझ्यासाठी जे भांड्यात असेल ते. त्याच्या झाकणावर पीठ सांडलं तर लगेच फडकं. माझ्या बरणीच्या काचेवर आतून इतकी साय सुकली होती की मला बाहेरचं धड दिसेना. आणि बोलणं! सकाळी आत आला की धनी आधी त्याच्याकडे जाणार. "काय पाहुणे, झोप झाली का? थंडी वाजली का?" माझ्या वाट्याला इतक्या वर्षांत एकच वाक्य आलं होतं: "हा आज जास्तच आंबलाय."

एकदा धन्याची बायको दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, माझ्याशी कधी इतकं गोड बोलला होतात का?"

"तसं नाही गं. तो दुसऱ्याचा आहे."

"असं का? मग मीही उद्यापासून दुसऱ्याची होते. पाणी तरी कोमट मिळेल."

धनी हसत सुटला. मला त्या उत्तराचा मात्र राग आला. दुसऱ्याचा आहे म्हणून! जो आपला आहे, ज्याच्या जिवावर घर चाललंय, तो गार टोकाला. आणि परका ऊब खाणार. मी ज्याला धनी म्हणत होतो, तो पाहुण्याचा फक्त कारभारी होता. धन्याच्या हातापेक्षा कारभाऱ्याचा हात मऊ कसा?

शनिवारी दुपारी चर्चचे पाळक यायचे. रविवारच्या प्रभुभोजनाचा पाव, जो प्रार्थनेत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटतात, तो आमच्याकडून जातो. तो पाव माझा असायचा, आणि तेवढा एक मान मला पुरत होता. सगळी गल्ली मला खाते, पण त्या टेबलावर पांढऱ्या कापडाखाली ठेवला जाणारा पाव वेगळा. एका शनिवारी धन्याने त्यासाठी पाहुण्याची कणीक घेतली. "बाईंनी वापरा म्हटलंय," तो बायकोला म्हणाला. "तिकडे बसल्या बसल्या त्यांनाही बरं वाटेल." त्या रात्री मी बरणीत फुगलोच नाही. धन्याने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "पीठ खराब आलंय वाटतं."

पाळक साधे गृहस्थ. पाव घ्यायला यायचे आणि उद्याच्या प्रवचनाची आमच्यासमोर तालीम करून जायचे. पिठाच्या पोत्यावर बसून ते म्हणायचे, "कारभारी म्हणजे कोण? ज्याच्या हातात सगळं आहे आणि ज्याचं काहीच नाही, तो. धनी समोर असताना सगळेच नीट वागतात. धनी दूर गेला की खरी परीक्षा. गोष्टीतला एक चाकर धन्याने दिलेली ठेव जमिनीत पुरून मोकळा होतो. काही बिघडू नये म्हणून. पण पुरून ठेवलेलं वाढत नाही ना, दादा."

"पाळक, उठा, त्या पोत्यातलं पीठ हवंय," धनी म्हणायचा.

"हेच ते. प्रवचनाला कुणी नीट बसूच देत नाही."

आणि हो, बाईंच्या सांगण्याप्रमाणे पाहुणा वाटलाही गेला. दवाखान्यातली स्वयंपाकीण मागायला आली, तिला दिला. पोस्टातल्या कारकुनाची आई आली, तिला दिला. कोपऱ्यावरचा चष्मेवाला आला. त्याला डॉक्टरने काहीतरी छंद लावून घ्या म्हणून सांगितलं होतं. धन्याने त्यालाही चहाच्या कपात एक गोळा दिला. तिघांनाही त्याने हात धरून शिकवलं: आधी राखायचा, मग मीठ. चष्मेवाल्याचे पाव असे व्हायचे की तो एक दाखवायला घेऊन आला तेव्हा बायको म्हणाली, "भाऊजी, हा ठेवा. दाराला टेकण हवंच होतं." पाहुणा गावभर हिंडत होता. मला कुणी मागत नव्हतं, आणि मागितलं असतं तरी मला द्यायचं नव्हतं. मी घरचा. हा मान आहे असं मी स्वतःला सांगायचो.

आता मंगळवार.

धन्याच्या बायकोचा धाकटा भाऊ अधूनमधून मदतीला येतो. ताई त्याला वादळ म्हणते. कामाला वाघ, पण थांबून बघणं त्याला जमत नाही. त्या दिवशी धनी पहाटेच गिरणीवर गेला होता. शाळेच्या सहलीची मोठी मागणी होती. एका बरणीत भागेना म्हणून वादळाने दोन्ही बरण्या उघडल्या. माझी कणीक मळली, सवयीने गोळा राखला. मग पाहुण्याची कणीक मळायला घेतली. शिटी वाजवत होता. बाहेरून शाळेचा शिपाई ओरडला, "झालं का हो? गाडी दहाला सुटते!" वादळाने मीठ टाकलं. मी बघत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो का? मला वाटतं, नसतो ओरडलो.

पाव गेले. मग वादळाला स्वच्छतेची हुक्की आली. त्याने परात घासली, मळायचा लाकडी पाट खरवडला आणि निळ्या झाकणाची बरणी कढत पाण्याने लखलखीत करून पालथी घातली.

दुपारी धनी आला. आल्या आल्या त्याची नजर फळीवर गेली.

"ही पालथी का?"

"घासली, दाजी. चकचकीत झालीय ना? किती खरकटं होतं आत!"

"आणि गोळा?"

वादळाचं तोंड उघडंच राहिलं. धन्याने परात बघितली. पाटाच्या फटीत नख घातलं. वादळाचा एप्रन झटकून बघितला, त्याच्या बाह्या उलटून बघितल्या. कुठे एक कण नाही. मग तो पोत्यावर बसला आणि पालथी बरणी मांडीवर घेतली.

माझी जागा रिकामी होती. भट्टीची ऊब तिथे वाया जात होती. खोटं कशाला सांगू, मला गोड वाटलं.

संध्याकाळी पाळक आले, शनिवार नसताना. "दादा, आनंदाची बातमी! बाईंच्या बहिणीने काठी घेऊन चार पावलं टाकली. बाई शनिवारी येताहेत. मीही म्हटलं, रविवारी त्या चाकराबद्दलच बोलू या, ज्याचा धनी अचानक परत येतो." धन्याने नुसती मान हलवली. पाळकांना वाटलं, तो दमलाय.

ते गेल्यावर वादळ जवळ सरकला. "दाजी, एवढं काय त्यात? आपल्यातला काढा, त्यात भरा. पीठ ते पीठ. कोण ओळखतंय?"

"तो आईचा होता त्यांच्या."

"मग आता तुमच्या वडिलांचा होईल. आणि खरं सांगू? त्यांचा पाव बिघडला तर गिऱ्हाईकं कुठे येणार आहेत? पुलाच्या अलीकडेच ना?"

"चूप."

"मी आपलं म्हटलं."

बुधवारी सकाळी मात्र धन्याने हात ओला केला. त्याने माझ्यातला मुठीएवढा तुकडा तोडला, निळ्या झाकणाच्या बरणीत ठेवला आणि बरणी उबेला ठेवली. बायको भांडी पुसत होती. तिने पाहिलं. ती एकच भांडं पुसत राहिली.

मी पाहुण्याच्या घरात होतो! स्वच्छ काच, चाळलेलं पीठ, मनगटावर बघितलेलं पाणी. मी असा फुगलो, असा फुगलो की झाकण उचललं गेलं. आता मला पुलापलीकडे नेतील, माझा जाड सालीचा, जाळीदार पाव होईल, लोक मला पिशवीत लपवून नेतील. फक्त मला पाहुण्याच्या नावाने जगावं लागणार होतं. आयुष्यभर लोक त्याचं कौतुक करणार आणि मी ते ऐकणार. त्याला कढत पाण्याने धुतलं, तरी तोच जिंकत होता.

दुपारी धनी परत आला, त्याने झाकण काढलं आणि माझा वास घेतला.

"चांगला फुगलायस," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि लगेच मला उचलून परत माझ्या जुन्या बरणीत टाकलं. "पण तू तो नाहीस."

यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. "मी वाटच बघत होते," ती म्हणाली. "आता असं करा, तुम्ही तो वाटला होतात ना? मग मागायला जा की."

 धनी टोपी न घालताच बाहेर पडला.

त्या संध्याकाळी तो रिकाम्या हाताने आला. दवाखान्यातल्या स्वयंपाकिणीची बदली झाली होती आणि नव्या बाईने कपाट साफ करताना "कुजलेलं काहीतरी" फेकून दिलं होतं. कारकुनाच्या आईने तर कपाळाला हात लावला. सून म्हणाली वास येतो, म्हणून तिने झाडाच्या मुळाशी घातला होता. झाड छान वाढलंय, म्हणाली.

गुरुवारी धनी चष्मेवाल्याकडे गेला. बायकोला म्हणाला, "त्याच्याकडून काही आशा नाही." परत आला तेव्हा चष्मेवाला स्वतः बरोबर होता. दोन्ही हातांत चहाचा कप, वर बशी झाकलेली.

"वहिनी, हसायचं नाही," तो दारातूनच म्हणाला. "पाव माझे अजून विटांसारखेच होतात. पण दादांनी सांगितलं होतं, आधी राखायचा, मग मीठ. तेवढं एक मी कधी चुकवलं नाही. बायको म्हणते, पाव येत नाही तर हा कप कशाला पाळलाय? मी म्हटलं, असू दे."

बशी उचलली. तो होता. पाहुणा. रोडावलेला, करडा, काठावर मोजके बुडबुडे. पण तोच वास, ज्याचा मी इतके महिने दुस्वास केला. धन्याने डोळे पुसले आणि पीठ चाळायला घेतलं. वादळ कोपऱ्यातून म्हणाला, "दाजी, चला, सुटलो! आता बाईंना सांगायचं कारणच उरलं नाही."

धनी पीठ चाळत राहिला.

सोळा मार्च, शनिवार. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. बाई सकाळीच आल्या, प्रवासाच्या कपड्यांत, सरळ स्टेशनवरून. बारीक झाल्या होत्या. निळं झाकण बघितल्याबरोबर त्यांचा हात पुढे आला.

"बाई, उघडायच्या आधी ऐका," धनी म्हणाला. टेबलाखाली वादळाने त्याच्या पायावर पाय दिला. धन्याने पाय बाजूला घेतला आणि बोलत राहिला. "हा तुमचाच आहे, पण माझ्या हातून गेला होता. मंगळवारी सगळा भट्टीत गेला. राखला गेला नाही. मी गिरणीवर होतो, पण जबाबदारी माझीच. नंतर मी माझा गोळा यात भरून ठेवला होता, अर्धा दिवस. मग काढला. हा आहे तो चष्मेवाल्याच्या घरून आणलाय. अजून अशक्त आहे."

बाई पोत्यावर बसल्या. 

"चष्मेवाला?" त्या म्हणाल्या. "तो, ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही?"

"तोच."

"आणि तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर?"

"तर तुम्हाला कळलं नसतं."

"मग सांगितलंत का?"

"तुमची वस्तू आहे, बाई. तिचं काय काय झालं, तेही तुमचंच आहे."

बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, बोट लावलं. मग वादळाकडे वळल्या. "बरणी मात्र मस्त घासलीस रे." तो लाजून भिंतीला चिकटला.

जाताना त्या दारात थांबल्या. त्यांनी फळीच्या गार टोकाकडे, माझ्याकडे बोट केलं. "दादा, आणि हा कुणाकुणाकडे आहे?"

"हा? हा इथेच. घरचा गोळा बाहेर द्यायचा नाही, वडील म्हणायचे."

"फक्त इथेच? मग वादळाने एक दिवस ही बरणी घासली तर तुम्ही कुणाच्या दारात जाणार?"

 मी गोठलो. पाहुणा तीन घरांत गेला, दोन घरांत मेला आणि तिसऱ्या घरातून परत आला. मी माझ्या मानाच्या बरणीत एकटा होतो. मंगळवारी वादळाचा हात माझ्या परातीवर विसरला असता, तर मला शोधायला जायला जगात एकही दार नव्हतं. मी ज्याला मान समजत होतो ते पुरणं होतं, पाळकांच्या गोष्टीतल्या त्या चाकरासारखं.

बाई गेल्यावर धन्याने मला हातात घेतलं. काचेवरची साय फडक्याने पुसली. बायकोला म्हणाला, "हा तरी माझा कुठे आहे गं? मलाही कुणीतरी सांभाळायलाच दिला होता." आणि त्याने माझ्यासाठी पीठ चाळलं. पाणी मनगटावर घालून बघितलं. मी वाट बघत होतो की तो काहीतरी म्हणेल.

"झोप झाली का?" तो म्हणाला.

वाचकहो, तुमच्या घरातही कुणीतरी फळीच्या गार टोकाला असेल, फार जुना, फार आपला. पाहुण्यांना द्या उबेची जागा, माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण कमी झालीय. फक्त अधूनमधून त्याचीही काच पुसा.

सतरा मार्च, रविवार. सकाळी ऊन, दुपारनंतर हलका वारा. प्रभुभोजनाचा पाव माझ्या कणकेचा होता. पुलापलीकडची भट्टी पेटली. पहिले पाव बसके निघाले, दुसरे फुगले. प्रार्थनेनंतर धन्याने माझा एक गोळा बाईंना दिला आणि एक चष्मेवाल्याला. निळ्या झाकणाची बरणी बाईंच्या खिडकीत आहे. मी भट्टीजवळच्या जागेवर आहे.